रांगेतलं हळदीकुंकू

रात्री बर्फाचं वादळ येणार असा अंदाज आला आणि दुपारच्या माझ्या हळदीकुंकवाला येणाऱ्या सगळ्या मैत्रिणींनी सकाळीच ग्रुपवर कळवलं, ‘सॉरी गं, ड्राइव्ह करणं रिस्की आहे.’ किलोभर मटकीची उसळ मी करून बसले होते आणि बाहेर लख्ख ऊन!

चडफडत दूध आणायला इंडियन स्टोअरमध्ये गेले, तर बिलाच्या रांगेत त्यातल्याच नऊजणी, कार्टमध्ये कणकेच्या पिशव्या रचून! माझं डोकंच फिरलं. कणकेसाठी रस्ते चांगले आणि माझ्यासाठी धोक्याचे?

मी शेल्फवरच्या हळदीच्या आणि कुंकवाच्या पुड्या घेतल्या, तिथेच फोडल्या आणि रांगेतच एकेकीला हळदीकुंकू लावलं. म्हटलं, “वाण न्यायला मात्र घरी या. माझं घर या दुकानाच्या अलीकडेच आहे.”