मळीच्या टाकीतला वायू

हंगाम संपला की आमच्या साखर कारखान्यात मळीच्या टाक्या आतून धुतल्या जायच्या. माणसं ठेकेदाराची, त्यांच्या जिवाची जबाबदारी माझी. मी तिथे सुरक्षा अधिकारी होते. त्या उन्हाळ्यात तलवाड्याकडचे दोघे भाऊ टोळीत होते. घरी मेंढरं होती, पण चारा आटला की ते अशी कामं धरायचे.

आत उतरणाऱ्याने कमरेला पट्टा आणि दोर बांधायचा, असं मी सांगितलं, तेव्हा थोरला म्हणाला, "मॅडम, आमाला काय दावणीला बांधता का?" सगळे हसले. मीही हसले, पण दोर बांधायला लावलाच.

टाकीतली हवा तपासली, ती ठीक होती. धाकटा उतरला. तळाचा गाळ फावड्याने ढवळताच त्यात कोंडलेला वायू सुटला. त्याच्या छातीवरचं वायू ओळखणारं यंत्र किंचाळायला लागलं. तो गुडघ्यांवर बसला आणि आडवा झाला.

थोरला टाकीच्या तोंडाकडे धावला. मी आडवी आले.

"सरका, भाऊ हाय माझा."

"उतरलात तर तुम्हीही तिथंच पडाल. दोर ओढा."

त्याने मला ढकललं, पण माझी नजर बघून थबकला आणि दोराला हात घातला. कप्पीवरून आम्ही सगळ्यांनी मिळून धाकट्याला वर काढलं. तोंडाला ऑक्सिजन लावला. बराच वेळ काहीच नाही. मग तो खोकला. थोरला तिथंच मातीत बसून रडला.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यातून थेट माझ्याकडे आला. "शुद्धीवर हाय. च्या मागतोय," म्हणाला. मग विचारलं, "त्यो वायू दिसत कावून न्हाई?"

मी समजावत गेले, तशी बाकीची टोळीही भोवती येऊन बसली. वेळ जातो म्हणून ठेकेदार हवा खेळवणारा मोठा पंखा आणायचं टाळत होता. आता त्याच्या तोंडावर थोरला शांतपणे म्हणाला, "पंखा लावल्याबिगर आमी उतरणार न्हाई."

ठेकेदाराने माझ्याकडे पाहिलं. मला बोलायची गरजच उरली नव्हती. दुपारी टेम्पोतून पंखा आला.

काम लांबलं, ठेकेदार कुरकुरत राहिला, पण सगळ्या टाक्या धुऊन झाल्या आणि पावसाच्या आधी दोघे भाऊ मेंढरांकडे परतले.