चुन्यातलं बोट

बायको गेल्यावर तिच्या लुगड्यांचा, पाटल्यांचा मला लोभ नव्हता. मला तिची तंबाखूची डबी पाहिजे होती. पितळेची, दोन्हीकडून झाकण, एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. मी जन्मात स्वतःची डबी बाळगली नाही. धानाच्या रोवणीत बाया धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, दम खायला बसल्या की बायको तंबाखू मळायची. अर्धी तिच्या दाढेत, अर्धी माझ्या तळहातावर. घरी भांडण झालं तरी माझा वाटा चुकत नसे, फक्त त्या दिवशी चुना जास्त पडायचा आणि तोंड भाजायचं.

तेरवीच्या दिवशी पोरीनं ती डबी उचलली. पाटल्या भावजयीला, माझ्या सुनेला, दिल्या आणि स्वतः डबी घेतली. माझी बहीण हसली, "आता तंबाखू खाशील का वं?"

"नाई आत्या. आईची आहे म्हणून पाहिजे मले."

चार पाहुण्यांत मी काय बोलणार? म्हातारा बायकोच्या तेरवीला तंबाखूच्या डबीसाठी भांडला, असं गावभर झालं असतं. पण पोटात जळलं ते वर्षभर जळलं. लहानपणी आई तंबाखू मळायला लागली की ही पोरगी नाक दाबून उठून जायची. तिला काऊन डबी? मला दुकानदारानं प्लास्टिकची दिली. तिच्यातली तंबाखू गोड लागली नाही.

यंदा धान निघाल्यावर ऊर्जानगरला तिच्या क्वार्टरवर गेलो. जावई वीज केंद्रात ड्युटीवर होते. तुला भेटायला आलो म्हणालो, पण आलो होतो डबीसाठीच. डबी आईच्या फोटोपुढे ठेवलेली, घासून लखलखीत. पोरगी चहा मांडायला आत गेली तशी मी उचलली. तंबाखूची बाजू रिकामी. दुसरं झाकण काढलं. चुना वाळून खडू झालेला, मधोमध खड्डा. वाळका चुना दिसला की आम्हा खाणाऱ्यांचा हात पाण्याकडेच जातो. समोर तांब्या होता. चार थेंब टाकले आणि बोटानं कालवून टाकलं.

ती कप घेऊन आली तेव्हा बोट आतच होतं.

"काय केलं बाबा?"

"वाळला होता वं. पाणी टाकलं."

तिनं कप खाली ठेवले. "तो खड्डा आईच्या बोटाचा होता. दवाखान्यात नेलं त्या सकाळी तिनं चुना घेतला, मी तिथंच उभी होती. मग कोणी हात लावला नाई. रोज आंघोळ झाली का मी झाकण काढून पाहत होती. एक डाव माहं बोट ठेवून पाह्यलं, मावलं नाई. आईचं बारीक होतं."

मला लाज वाटायला पाहिजे होती. वाटलीही, पण आधी राग आला. त्या सकाळी तो चुना लावून मळलेली तंबाखू मीच खाल्ली होती. मग ते बोट हिनं एकटीनं वर्षभर का पाहावं? तसंच बोललो.

"त्या सकाळची तंबाखू तिनं माह्या हातावर देल्ली. तुले काय देल्लं?"

"तुमाले तर रोजच देत होती," ती म्हणाली. "जलमभर. मले एवढंच भेटलं होतं."

चहा थंड झाला. दोघांनीही घेतला नाही. मी उठलो तेव्हा तिनं झाकण लावलं, डबी पदरानं पुसली आणि माझ्या पिशवीत टाकली.

"न्या आता. ओला चुना मले काय कामाचा?"

नको म्हणायला पाहिजे होतं. म्हणालो नाही. दुपारच्या बसनं डबी घेऊन गावी आलो.

आता ती फोनवर जेवले का विचारते, डबीचं नाव काढत नाही. मी रोज त्याच डबीतली खातो, आणि खाताना पोरीवरच जळतो. मी तो खड्डा पाहिला पण डोळ्याचं पातं लवेपर्यंत, तोही नीट नाही. केवढा होता, किती खोल होता, हे तिलाच माहीत. फोन आला की विचारावं वाटतं. पण कोणत्या तोंडानं विचारू?