जहाजाखालची पांढरी पट्टी

अंबरनाथच्या आमच्या दोन खोल्यांत भिंतीवर दोनच फ्रेमा होत्या. एक बुद्धांची आणि शेजारी एका जहाजाची. आता तुम्ही म्हणाल, समुद्र कुठे नि अंबरनाथ कुठे! तर आमचे हे कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर शिपाई होते. साहेब विलायतेला निघाले तेव्हा ते चित्र यांच्या हातात ठेवून गेले. काळ्या शाईचं, शिडं फुगलेली, लाटा तर सुईने ओढल्यासारख्या बारीक.

चित्राभोवती बराच पांढरा कागद मोकळा होता. दोन्ही चित्रं मी एकाच दिवशी उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात फ्रेमवाल्याकडे नेली. त्याच्याकडे देवांच्या फोटोच्या मापाच्या तयार फ्रेमा. सिंधी काका म्हणाला, "बहेनजी, जहाज इसमें बिठाना है तो काटना पडेगा." खाली पांढऱ्यावर कुणीतरी पेन्सिलने खरडलेलं होतं. मीच म्हणाले, "काटो काका, वो गिचमिड भी निकल जायेगा." सगळे तसंच करायचे हो.

पुढे नव्वदनंतर कंपनीला टाळं लागलं आणि त्याच सालात यांच्या हृदयाची झडप बिघडली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लांबवू नका. माझं मंगळसूत्र गेलं, शिलाई मशीन गेली, तरी पुरेना. एक दिवस धापा टाकत हे म्हणतात, "ते जहाज मुंबईला ने. साहेब म्हणाले होते, समुद्राचा नावाजलेला चित्रकार आहे, अडीनडीला कामी येईल."

"आणि हे आत्ता सांगता?"

"तू कधी विचारलंस?"

मुंबईत जुनी चित्रं घेणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी भिंग लावून बघितलं. "बाई, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं आहे. शंभर वर्षांचं तरी असेल. पण खालची पट्टी कुठे? चित्रकाराची पेन्सिलची सही तिथे असते."

"कापली," मी म्हणाले.

"का?"

"फ्रेमीत बसेना."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "सही नसेल तर मी नाही घेऊ शकत. पट्टी मिळाली तर या."

तशीच तीन नंबरला फ्रेमवाल्याकडे गेले. काका म्हणाला, "इतने साल हो गये, बहेनजी! कतरन तो हम फ्रेम के पीछे ठूंस देते हैं, फोटो हिले नहीं इसलिये."

घरी येऊन सांडशीने जहाजाच्या फ्रेमीमागच्या लोखंडी चुका उपटल्या. नुसता पुठ्ठा. मग बुद्धांच्या फ्रेमीला हात घातला. हात जोडले आणि उघडली. पट्टी तिथेच होती, दुमडून खोचलेली. कसरीने खाऊन चाळण केलेली. पेन्सिलची एक वेलांटी तेवढी उरली होती, बाकी भुगा.

आतून यांनी विचारलं, "मिळाली?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मिळाली."

"मग सकाळीच जा." कितीतरी दिवसांनी हसले. "बघ, सांगितलं होतं ना? साहेब खोटं बोलणारा माणूस नव्हता."

एरवी धाप लागते म्हणून उशांना टेकून रात्र काढणारे हे, त्या रात्री उशी न लावता झोपले. सकाळी मी जहाज साडीत गुंडाळून निघाले. मुंबईला कशाला जाऊ? अंबरनाथ स्टेशनच्या बाकावर ते मांडीवर घेऊन बसले. मुंबईला जाऊन यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ.