हळदीच्या व्हिडिओतला हात

सर्कलवर मला उडवणारा माणूस गाडीतून उतरला तो आधी बंपर बघायला. मी स्कूटीखाली, उजवा खांदा मोडलेला, आणि हा बोटानं ओरखडा पुसून बघतोय! सर्कलमध्ये आधी शिरलेल्याला जाऊ द्यायचं असतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. तेव्हा जी किळस वाटायला लागली, ती अजून उतरलेली नाही.

खांद्यात प्लेट बसली. हात आपला आपण छातीपर्यंत जातो, पुढे नाही. मी शाळेत शिकवते. फळ्याचा वरचा अर्धा भाग तेव्हापासून कोराच असतो. भरपाईसाठी दावा लावला, तेव्हा वाटलं होतं, हात दाखवायचा, डॉक्टरांचं सर्टिफिकेट द्यायचं, संपलं. बावळटच मी.

माझा वकील हॉस्पिटलात माझ्या भावाच्याही आधी पोचला होता. तेव्हाच ओळखायला हवं होतं. "टेन्शन घेऊ नका मॅडम," तो म्हणाला, "फक्त चारचौघांत हा हात हलवू नका. इन्शुरन्सवाले नजर ठेवून असतात."

पुढे बोनकोड्याला, माहेरी, भाच्याची हळद आली. आम्हा आगऱ्यांची हळद लग्नापेक्षा मोठी. मांडव, डीजे, अख्खा गाव आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल. मी आत्या, मान माझा. भाचा चौरंगावर, मी पुढ्यात खाली बसलेली. वाटीकडे डावा हात नेला, तशी मोठी बहीण खेकसली, "डाव्या हातानं हलद लावतान का गो? शुभ काम हाय. मी कोपर धरतंय, तू लाव."

तिनं खालून कोपर उचललं आणि मी दात आवळून भाच्याच्या कपाळाला हळद टेकवली. दोघींचे डोळे भरले. तिचे भाच्यासाठी, माझे खांद्यातल्या कळेनं.

कोर्टात माझी साक्ष सुरू झाली आणि विमा कंपनीच्या वकिलानं लॅपटॉप उघडला. पडद्यावर माझा हात, बोटं पिवळी, भाच्याच्या कपाळावर. गावातल्याच कुणीतरी टाकलेली रील होती. माझ्या कोपराखालचं सगळं छाटलेलं. बहीण कुठेच नाही.

"नंतर डान्सपण केला असेल ना?" असं विचारून तो हसला.

माझ्या घरचा मांडव, माझा भाचा, आणि हा माणूस त्यात उकिरडा उकरावा तसं उकरत होता. मला शिसारी आली. मी सांगितलं, हात बहिणीनं धरला होता.

"व्हिडिओत तर कोणी दिसत नाही," तो म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीत माझ्या वकिलानं मला बाजूला घेतलं. "साहेब आता हात वर करायला लावतील. पोटापाशीच थांबवा. आणि थोडं विव्हळा." एकाला माझा हात वर हवा, दुसऱ्याला खाली. तो खरा कुठवर जातो, याच्याशी दोघांनाही काही देणंघेणं नव्हतं. मला दोघांचीही सारखीच घाण वाटली.

न्यायाधीशांनी खरंच हात वर करायला सांगितलं. मी उचलला, जातो तेवढा. छातीपाशी येऊन तो अडकला. तेवढ्यात मागच्या बाकावरची बहीण उठली आणि तळवा पसरून सरळ माझ्याकडे चालत आली, कोपराखाली धरायला. कुठे आहोत याचं तिला भानच नव्हतं. शिपायानं तिला अडवलं.

न्यायाधीशांनी कागदांतून मान वर काढली. "तुम्ही कोण?"

"बहीन हाय साहेब. हलदीला पन मीच धरलेला. यांनी मना कापून टाकलं."

मग न्यायाधीशांनी विमा कंपनीच्या वकिलाला पुढच्या तारखेला पूर्ण व्हिडिओ आणायला सांगितला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला वाटलं, कुणीतरी नीट पाहिलं. बहिणीचा हात धरून मी बाहेर आले.

माझा वकील मागून धावत आला. चेहरा नुसता फुललेला.

"मानलं मॅडम तुम्हाला," तो म्हणाला, "ताईंना काय मस्त पढवलंत!"