दगडाखालचा कोळसा

चुलतभावाने बांधावरचा दगड आमच्याकडे सरकवलाय, हा संशय मी तीन वर्षं पोसला. आम्ही जळगावात, पिंप्राळ्याला राहतो. शेत शिरपूरकडे, त्याच्या शेताला लागून. मी वर्षातून दोनदा जाणार, तो रोज तिथेच. दर खेपेला मला आमची कपाशी एखादी ओळ कमी दिसायची. मोजून कधी पाहिली नव्हती, ते सोडा.

या उन्हाळ्यात सरकारी मोजणीचा अर्ज खिशात घालून निघालो, तेव्हा मुलगीही आली. ती भूशास्त्र शिकते. गाडीत म्हणाली, आपण मेघालयन काळात राहतो. चार हजार दोनशे वर्षांपूर्वी मोठा दुष्काळ पडला. त्याची खूण मेघालयातल्या एका गुहेत, थेंबाथेंबाने वाढलेल्या चुनखडीच्या खांबात मिळाली. त्या थरापासून आजपर्यंतचा काळ मेघालयन. शास्त्रज्ञांनी मतदान घेऊन ठरवलं.

"मतदान?" मला लगेच वास आला. "आणि बरी तीच गुहा सापडली!"

"खुणा बऱ्याच ठिकाणी आहेत, बाबा. पण हद्द म्हणून एकच जागा धरतात, जिथले थर कुणी हलवलेले नाहीत."

"तिथे भाऊबंद नसतील," मी म्हणालो.

आमच्याकडेही तशी सोय होती. वाटणी केली तेव्हा आजोबांनी हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरला होता. कोळसा कुजत नाही. दगड हलला तरी तो जागेवरच राहतो. चुलतभावाला बोलावून मी त्याच्यादेखत पहारीने दगड उपटला. खाली नुसती काळी माती. खरं सांगतो, मला आनंद झाला.

"बघ!" मी म्हणालो.

मुलीने कुदळ घेतली. आधी त्याच्या बाजूला खणलं, मग आमच्या. कोळसा लागला तो आमच्या शेतात, दोन पावलं आत. म्हणजे दगड सरकला होता, पण त्याच्या शेतात. मला माझे वडील, आबा, आठवले. दर उन्हाळ्यात ते एकटेच बांध नीट करत बसायचे, मला घरी पाठवून.

"माले माहीत व्हतं, भाऊ," चुलतभाऊ म्हणाला. "पन दगड आबास्नी ठेयेल. मी कसा हात लावू?"

मला मान वर करवेना. दगड कोळशाच्या जागी न्यायला वाकलो, तर तो एकट्याला उचलेना. दुसरी बाजू चुलतभावानेच धरली.