मातीची हाडं

टाच आपटून जमीन पाहायची आणि गुपित सांगावं तसं म्हणायचं, "मातीला हाडं लागत्यात, भाऊसाहेब. न्हाईतर ती नुसती पसरती." ही आमच्या मुकादमाची सवय. सगळे त्यांना आबा म्हणत.

बहात्तरच्या दुष्काळात शिरूर-दौंड रस्त्याच्या आत पाझर तलावाचा बांध चालला होता. मी तिथं हजेरी कारकून. आबांची हाडं म्हणजे वाळक्या तुराट्या आणि बाभळीचे फाटे. मातीच्या दर थरावर ते आडवे अंथरत. ओव्हरसियर साहेब ओरडायचे, "अहो, हे कुजेल! काढा आधी!" आबा निमूट काढायचे. साहेबांची जीप वळली, की पुन्हा अंथरायचे.

असा हट्टी म्हातारा! पण रागवणार कसं? स्वतःची भाकर मोडून दमलेल्या बायांना वाटायचा.

बांध उभा राहिला आणि आबांनी काय करावं? विधवा लेकीला बांधाच्या पायथ्याशीच घर घालून दिलं. "माझ्या बांधाखाली निवांत झोप," म्हणाले.

काही वर्षं बरी गेली. मग एका भाद्रपदात पाऊस असा लागला, की सूर्य दिसेना. जरा उघडीप मिळाली तसा मी बांधावर गेलो. आबा उतारावर उकिडवे बसले होते. वारा पूर्ण पडलेला, त्यांच्यापुढचं गवत मात्र हलत होतं. वाकून पाहिलं, तर मातीला बारीक भोकं. आतून कुजकट, गार हवा यायची, थांबायची, पुन्हा यायची.

"आबा, काय हो हे?"

"हाडं कुजली," ते हळूच म्हणाले. "आत पानी शिरतंय. श्वास घेतोय ह्यो."

तसेच ते लेकीकडे धावले, घर सोड म्हणाले. ती चुलीपुढं हसली. "तुमीच म्हनला व्हता ना, निवांत झोप म्हनून?"

आबा थेट छपरावर चढले आणि पत्रे उचकटू लागले. पुन्हा लागलेला पाऊस चुलीत पडला. "याड लागलं का तुमाला?" म्हणत लेक रडली, चिडली, शेवटी भांडी घेऊन माळावर चढली. आम्ही दोघांनी मागोमाग पत्रे वाहिले.

"एकच ऱ्हायला," आबा म्हणाले.

"राहू द्या हो, आबा!"

"पोरीचं घर हाय ते."

खाली उतरून, डोक्यावर पत्रा घेऊन ते वळले, तेवढ्यात त्यांच्यामागं बांध दमलेल्या बैलासारखा खाली बसला. आधी आवाजसुद्धा झाला नाही. मग सगळीकडं गढूळ पाणीच पाणी. आबा सापडले नाहीत, पत्राही नाही.

लेकीनं माळावर त्याच पत्र्यांचं घर केलं. एका पत्र्याची जागा उघडी ठेवली. पावसात तिथं खाली घमेलं ठेवते. एकदा न राहवून मी म्हणालो, "बाई, नवा पत्रा आणून देऊ का?"

"कशाला, भाऊसाहेब? आबा आणाया गेल्यात न्हवं," असं म्हणून ती दारातून बाजूला सरकली, पत्रा आत यायला वाट हवी म्हणून.