माझ्या वजनाचं पोतं

"चढ वं," शेठ म्हणाला. "लाजस काय? खाताना लाजनी नही ना!"

मी चढले. शहाद्याचा बाजाराचा दिवस. धान्याच्या वखारीच्या दारात तुळईला टांगलेला मोठा काटा, साखळ्यांची दोन पारडी. एकात ज्वारीचं अर्धवट भरलेलं पोतं. दुसऱ्यात मी. साखळ्या करकरल्या. माझं पारडं धप्पकन टेकलं आणि पोतं वर गेलं.

"शेठ, अजून ज्वारी टाका," एक हमाल ओरडला. "पोतं कमी पडनं!"

सगळे हसले. मीही हसले. हे सांगितलंच पाहिजे. लोक हसायच्या आत आपणच हसून घ्यायचं, ही सवय जाड माणसाला फार लवकर लागते. अजूनही सुटलेली नाही.

पारडी समान होईपर्यंत पोत्यात ज्वारी पडत राहिली. मग पोत्याचं तोंड बांधलं आणि ते कोपऱ्यात ठेवलं. माझ्या वजनाचं पोतं. रोज सकाळी ते असं जुळवायचं आणि सांजेला मी त्याच्यासमोर पुन्हा चढायचं. जड भरले तर चोर.

ती जर्मनच्या पहिल्या लढाईनंतरची महागाई. मी विशी-बाविशीची. वखारीत आम्ही भिलांच्या आठ-दहा बाया धान्य निवडायचो, पाखडायचो. सुटी झाली की दारात प्रत्येकीनं पदर झटकायचा, ओटी दाखवायची, मगच बाहेर. ती रीतच होती. तिचा राग यायला हवा हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. पण मला पदर झटकून भागेना. बाकीच्या बाया सुपाच्या काड्यांसारख्या, आणि मी दिसामाशी फुगत चाललेली. पदरात नाही, तर पोटात घालून नेत असणार.

खरं तर मला भूक लागतच नव्हती. अर्धी भाकर पुरे व्हायची. भर चैत्रात, खानदेशातल्या चैत्रात, मी गोधडी पांघरून बसायची. शेजारीण म्हणायची, हिला उन्हातही हिव भरतं. केस मुठीनं निघायचे. तोंड सुजलेलं, डोळे बारीक. आवाज इतका घोगरा झाला की अंधारात मी हाक मारली तर नवरा विचारायचा, "कोन शे रे?" बोलणं इतकं सावकाश, की माझं वाक्य पुरं होईपर्यंत ऐकणारा निघून गेलेला असायचा. सूप हातात घेऊन बसल्या बसल्या डोळा लागायचा.

घरात सासू. बाई वाईट नव्हती. पण पोट भरत नाही त्या घरात एकच माणूस जाड असलं, की त्याला उत्तर द्यावं लागतं.

"मन्हा पोऱ्या वाळीसन काटकी व्हयना," ती म्हणायची. "अन् तू फुगी ऱ्हायनी. काय खास वं तू? कोठे खास?"

"काहीच नही, आत्या."

"मंग काय वारा खाईसन फुगस?"

मी कामावरून आले की ती माझ्या तोंडाचा वास घ्यायची. रोज. जवळ येऊन, हनुवटी धरून. वखारीत काटा, घरात नाक.

पहिल्याच सांजेला मी जड भरले.

"काय खाधं?" शेठनं विचारलं.

"पानी पिधं."

"पानीले काय वजन ऱ्हास?"

पुन्हा हशा. एवढा तोलून-मापून जगणारा माणूस, पण त्यालाही वाटायचं की बाईनं प्यालेलं पाणी कुठंतरी विरून जातं. त्या दिवसाची मजुरी बुडाली. दुसऱ्या दिवसापासून मी वखारीत पाणी पिणं सोडलं. धुळीनं घसा दाटायचा, जीभ टाळूला चिकटायची. कोपऱ्यात माझं पोतं माझ्याकडे बघत बसलेलं. तेवढी ज्वारी आमच्या घरानं एकत्र कधी पाहिली नव्हती.

बाजाराच्या दिवशी मिशनची एक डॉक्टरीणबाई कडुनिंबाखाली टेबल टाकून बसायची. शेजारणीनं मला ओढत नेलं. बाईंनी माझा गळा दोन्ही हातांनी चाचपला. म्हणाल्या, गिळ. मी गिळलं. मग एकेक विचारत गेल्या. थंडी वाजते? केस गळतात? झोप येते? आणि माझं सावकाश उत्तर पुरं होईपर्यंत थांबल्या. कुणी माझ्यासाठी थांबलंय, हे इतकं नवं होतं की मी रडायलाच लागले. रडणंही सावकाशच.

"तुझ्या गळ्यात एक गाठ आहे, सगळ्यांना असते," त्या पुस्तकी मराठीत म्हणाल्या. "तिच्या रसावर अंगाचं काम चालतं. तुझी सुस्त पडली आहे. म्हणून थोडं खाल्लं तरी अंगाला लागतं, आणि पाणीही साचून राहतं. चोरून खाण्यानं असं होत नाही."

मेंढीच्या गळ्यातल्या गाठीच्या गोळ्या होत्या. गोळी घेतल्यावर मी बें करते का, हे नवरा बरेच दिवस बघत होता.

मला मात्र गोळीत औषध दिसत नव्हतं. सुटका दिसत होती. मी बारीक होणार. काटा माझ्या बाजूनं बोलणार.

पावसाळा सरता सरता हिव गेलं. तोंडाची सूज उतरली. माझा आवाज मला परत मिळाला. वजनही उतरलं, पण थोडंसं. मग थांबलं. मी घाबरून बाईंकडे गेले.

"आजाराचं होतं तेवढं गेलं," त्या म्हणाल्या. "बाकीचं तुझं शरीर आहे. त्याला कशाचं औषध देऊ?"

दुसऱ्या दिवशी शेठला मी सगळं सांगितलं. आता भराभर बोलता येत होतं. गाठ, गोळ्या, डॉक्टरीणबाई. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, पटलं.

"गाठ बरी व्हयनी ना?" तो म्हणाला.

"हां, शेठ."

"औसद व्हयनं ना?"

"हां."

त्यानं माप सपाट करायची लाकडी पट्टी माझ्या कमरेला टोचली. "मंग हाई काय शे? हाई मन्ही ज्वारी शे. चढ."

तेव्हा मला कळलं. आजारी होते तेव्हा चोर. बरी झाले तर जास्तच चोर. मी उद्या काडी झाले असते, तरी तो म्हणाला असता, काट्याच्या धाकानं चोरी सुटली. तो काटा माझ्या बाजूनं कधीच बोलणार नव्हता. माझ्या हातांनीच मी त्याला नवा पुरावा नेऊन दिला होता.

दाराशी माठ होता. मी तांब्या बुडवला. सगळ्यांच्या देखत प्याले. दुसरा भरला. तोही प्याले. पाणी गळ्यावरून, छातीवरून खाली गेलं.

"मी नही चढस."

"काय?"

"नही चढस, शेठ. हाई मन्हं आंग शे."

"उद्या येऊ नको."

बाया सुपात डोळे घालून बसल्या. एकीनंही मान वर केली नाही. मी त्यांना दोष देत नाही. कालपर्यंत मीही तशीच बसले असते. निघताना मी पदर झटकला नाही. कुणी अडवलंही नाही.

घरी सासू नेहमीसारखी जवळ आली, हनुवटीकडे हात आला. मी तिचं मनगट धरलं. जोरात नाही. पण सोडलंही नाही.

"काम गयं, आत्या. वास आते कोनीबी लेवाना नही."

 पुढचे दिवस उपासाचे गेले. मी त्यातही जाडच राहिले.

आता दुसरी लढाई चालू आहे. पुन्हा धान्य मोजून मिळतं, पुन्हा लोक एकमेकांच्या पोटाकडे बघतात. माझी धाकटी लेक सासरी आहे. माझ्याच वळणावर गेली. तिला हिव वाजतं, तोंड सुजलंय. व्याह्यांनी निरोप धाडलाय, "तुमची पोर काय खाते, ते विचारून जा."

उद्या जाते आहे. आधी तिला दवाखान्यात नेईन. बारीक होशीलच, असं तिला खोटं सांगणार नाही. मग व्याह्यांच्या ओसरीवर बसेन. हे एवढं अंग, ऐसपैस पसरून बसेन.

पोरीला औषध देईन. त्यांना पुरावा देणार नाही.